फॉरेन्सिक सायकॉलॉजीत एम.ए. करायचंय? आधी कोल्हापूरचे हे ३ खटले समजून घ्या

क्राइम पॉडकास्ट, वेब सीरिज आणि रील्समुळे गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट कसं व्हायचं?" बी.ए. किंवा बी.एस्सी. मानसशास्त्र करणाऱ्या मुलामुलींना हा विषय खुणावतो. पडद्यावरचा तज्ज्ञ गुन्हेगाराच्या डोळ्यांत बघतो आणि त्याच्या मनात काय चाललंय ते सांगून टाकतो. प्रत्यक्षातलं काम मात्र वेगळं आहे. ते बरंचसं कागदावर, तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत आणि उलटतपासणीच्या पिंजऱ्यात चालतं.

हे काम नेमकं काय आहे, ते कुठे शिकता येतं आणि प्रवेश घेण्याआधी काय तपासायचं, हे समजून घ्यायला कोल्हापूर हे चांगलं ठिकाण आहे. गेल्या ३० वर्षांत इथे घडलेल्या ३ प्रकरणांत या विषयाचे ३ मोठे प्रश्न पुढे आले.

एक नाव, दोन वेगळी कामं

'फॉरेन्सिक' आणि 'इन्व्हेस्टिगेटिव्ह' हे शब्द बऱ्याचदा एकत्र वापरले जातात, पण दोन्हींचा रोख वेगळा आहे.

इन्व्हेस्टिगेटिव्ह सायकॉलॉजी म्हणजे तपासाचं मानसशास्त्र. गुन्हेगार अजून सापडलेला नसताना किंवा पुरावे गोळा होत असताना ते उपयोगी पडतं. साक्षीदाराचा जबाब कसा घ्यावा, दोन ठिकाणचे गुन्हे एकाच व्यक्तीने केले असतील का, संशयितांची यादी कशी कमी करावी, असे प्रश्न त्यात येतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कॅन्टर यांनी या शाखेला हे नाव दिलं. १९८६ मध्ये लंडन परिसरातल्या रेल्वे स्थानकांजवळ झालेल्या बलात्कार आणि खुनांच्या तपासात त्यांच्या विश्लेषणाची पोलिसांना मदत झाली.

फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणजे न्यायालयाच्या कामाचं मानसशास्त्र. इथे व्यक्ती समोर असते. आरोपी खटला समजून घेण्याच्या स्थितीत आहे का? गुन्हा करताना त्याला आपण काय करतोय हे कळत होतं का? तो आजाराचं सोंग तर घेत नाही ना? सुटल्यावर पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती? छळ झालेल्या मुलाचा जबाब कसा घ्यावा म्हणजे त्याला पुन्हा त्रास होणार नाही? ही या शाखेची रोजची कामं आहेत.

पहिला खटला: गुन्ह्यांची साखळी का दिसली नाही?

१९९६ मध्ये पोलिसांनी अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना अटक केली. १९९० पासून लहान मुलांना पळवून नेणं, चोऱ्यांमध्ये त्यांचा आडोसा म्हणून वापर करणं आणि त्यातल्या काहींना ठार मारणं, असे आरोप त्यांच्यावर होते. खटल्यात १३ मुलांच्या अपहरणाचे आरोप होते. अंजनाबाईचा १९९७ मध्ये कोठडीत असतानाच मृत्यू झाला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला. पण अर्जावर निर्णय घ्यायला झालेल्या अवाजवी विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीचं रूपांतर जन्मठेपेत केलं.

या प्रकरणात कुणी 'प्रोफायलर' नव्हता. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष निर्णायक ठरली. त्या साक्षीला इतर पुराव्यांची जोड द्यावी लागली, कारण गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाच्या शब्दावर एकट्याने विसंबून राहायला न्यायालयं तयार नसतात.

तपासाच्या मानसशास्त्राचा विद्यार्थी इथे वेगळा प्रश्न विचारतो. वेगवेगळ्या शहरांतून, वर्षानुवर्षं मुलं नाहीशी होत होती. मग ही प्रकरणं एकमेकांशी जोडलेली आहेत हे अटकेनंतरच का उमगलं? प्रत्येक पोलीस ठाण्यात तक्रार वेगळी आणि फाइलही वेगळी होती. गुन्ह्याची जागा, वेळ, पद्धत आणि बळी कोण, या नोंदी शेजारी शेजारी ठेवून साम्य शोधण्याच्या कामाला 'गुन्ह्यांची जोडणी' म्हणता येईल. त्याला अंतर्ज्ञान लागत नाही. नीट भरलेल्या नोंदी आणि संख्याशास्त्र लागतं. म्हणूनच पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे पेपर मोठे असतात. "गणित नको म्हणून मानसशास्त्र घेतलं" असं म्हणणारे विद्यार्थी इथे अडखळतात.

प्रोफायलिंगवर आंधळा विश्वास ठेवल्याचे परिणामही वाईट झालेत. १९९२ मध्ये लंडनमध्ये रेचल निकेल या तरुणीचा खून झाला. मानसशास्त्रज्ञाने बनवलेल्या प्रोफाइलच्या आधारे पोलिसांनी कॉलिन स्टॅग या माणसाला सापळ्यात ओढलं. १९९४ मध्ये न्यायालयाने तो सगळा पुरावा नाकारला आणि स्टॅग सुटला. खरा गुन्हेगार दुसराच होता. त्याला २००८ मध्ये शिक्षा झाली.

दुसरा खटला: मेंदूची चाचणी घ्यायची की नाही?

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात ज्येष्ठ नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २० फेब्रुवारीला पानसरे यांचं निधन झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिल्या संशयिताला अटक झाली. तपास यंत्रणेला त्याची ब्रेन मॅपिंग चाचणी करायची होती. प्रश्न कोल्हापूरच्या न्यायालयात आला. संशयिताने संमती दिली नाही आणि चाचणी झाली नाही.

"निर्दोष असेल तर घाबरायचं कशाला?" अशी प्रतिक्रिया तेव्हा अनेकांनी दिली. पण कायदा स्पष्ट आहे. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि कलम २१ नुसार माणसाच्या मनाच्या खासगीपणालाही संरक्षण आहे. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष थेट पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर तेवढीच विचारात घेता येते. जून २०२५ मध्ये 'अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली.

हा निकाल येण्याआधी महाराष्ट्रात काय घडलं होतं, हे या क्षेत्रात येणाऱ्याला माहीत असायलाच हवं. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका विद्यार्थिनीला जन्मठेप दिली. निकालात 'बीईओएस' या मेंदूच्या विद्युत लहरींवर आधारित चाचणीचा आधार घेतला होता. आरोपीला आठवण 'प्रत्यक्ष अनुभवाची' आहे की फक्त ऐकीव, हे ही चाचणी सांगते, असा तिचा दावा होता. निकालाची चर्चा जगभर झाली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तर ब्रेन मॅपिंगच्या या पद्धतींना शास्त्रीय आधार नाही, असा निष्कर्ष २००८ मध्येच दिला होता.

यातला धडा साधा आहे. यंत्र, आलेख आणि तज्ज्ञाची सही बघून लोक भारावतात. न्यायाधीशही माणूसच असतो. चाचणी किती वेळा चुकते, ती कुणी तपासली आणि स्वतंत्र संशोधकांना तेच निष्कर्ष मिळाले का, हे विचारण्याची सवय पदव्युत्तर शिक्षणातून लागायला हवी. एखादा कोर्स 'खोटं पकडायला शिका' अशी जाहिरात करत असेल, तर आधी त्या कोर्सचीच चाचणी घ्यावी.

तिसरा खटला: माणूस सुधारू शकतो, हे कोण सांगणार?

२०१७ मध्ये कोल्हापुरात एका मुलाने आपल्या आईचा अत्यंत क्रूरपणे खून केला. २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोपी सुधारण्याची शक्यता दिसत नाही, असं न्यायालयाने नमूद केलं.

"सुधारण्याची शक्यता" हा शब्दप्रयोग कायद्याचा असला तरी प्रश्न मानसशास्त्राचा आहे. मे २०२२ मध्ये 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फाशी देण्याआधी आरोपीची पार्श्वभूमी, तुरुंगातली वागणूक आणि मानसिक मूल्यमापन यांचे अहवाल न्यायालयासमोर यायला हवेत. म्हणजे बालपण कसं गेलं, शाळा कधी सुटली, डोक्याला मार लागला होता का, व्यसन कधीपासून, कुटुंबात मानसिक आजार आहे का, ही सगळी माहिती भेटी घेऊन गोळा करावी लागते. असा अहवाल एका तासाच्या भेटीत होत नाही. गुन्हा कितीही भयंकर असला तरी समोरच्या माणसाशी शांतपणे बोलता येणं, हा या कामाचा भाग आहे.

इथे भाषेचाही प्रश्न येतो. बऱ्याच मानसशास्त्रीय चाचण्या इंग्रजीत तयार झाल्या आहेत. आरोपी मात्र मराठीत, कन्नडमध्ये किंवा एखाद्या भटक्या समाजाच्या बोलीत बोलतो. "डोक्यात राख घातली" म्हणजे रागाचा झटका, वेड नव्हे. "अंगात आलं" हा देवधर्माचा अनुभव असू शकतो, आजाराचं लक्षण असू शकतं किंवा शिक्षा टाळण्यासाठी सांगितलेली सबबही. "काय केलं ते माझं मलाच कळलं नाही" हे वाक्य तर जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. जबाब इंग्रजीत उतरवताना यातला अर्थ हरवला, तर अहवाल चुकतो. स्थानिक बोली जाणणाऱ्या तज्ज्ञांची गरज आहे ती यामुळेच.

कायद्यातलं 'वेड' आणि डॉक्टरांच्या लेखी असलेला मानसिक आजार या दोन गोष्टी एक नाहीत, हेही लक्षात ठेवावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये (आधीचं भारतीय दंड संहितेचं कलम ८४) प्रश्न इतकाच आहे: कृत्य करताना, मनोविकलतेमुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे समजण्यास ती व्यक्ती असमर्थ होती का? स्किझोफ्रेनियाचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप सुटत नाही.

शिकायचं कुठे? चार वाटा

१. क्लिनिकल सायकॉलॉजीची वाट. ही सर्वांत लांब, पण न्यायालयात सर्वांत भक्कम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ मध्ये मनोविकल आरोपीला मानसोपचारतज्ज्ञ किंवा 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'कडे पाठवण्याची तरतूद आहे. कायद्यात पदाचं नाव हे आहे, 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार नोंदणीशिवाय असं काम करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. आजवर या नोंदणीसाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. ही मुख्य पायरी होती. आता नव्या शिक्षण धोरणात एम.फिल. बंद होत असल्याने अभ्यासक्रम बदलत आहेत. त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः बघावी. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

२. फॉरेन्सिक सायन्सची वाट. गुजरात फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचं २०२० मध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात रूपांतर झालं. मुख्य केंद्र गांधीनगरला आहे आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ते देशात ओळखलं जातं. कोल्हापूरच्या जवळ गोवा आणि धारवाड इथेही विद्यापीठाचे कॅम्पस आहेत. मात्र प्रत्येक कॅम्पसवर प्रत्येक विषय नसतो. महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

३. गुन्हेशास्त्र आणि समाजकार्याची वाट. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो. कैदी, त्यांची कुटुंबं, बालगृहातली मुलं यांच्यासोबत काम करायचं असेल तर ही वाट जास्त जवळची.

४. परदेशाची वाट. ब्रिटनमध्ये फॉरेन्सिक आणि इन्व्हेस्टिगेटिव्ह सायकॉलॉजीत एम.एस्सी. करता येतं. पण तिथे 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे. एक वर्षाच्या एम.एस्सी.ने ती मिळत नाही. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली पदवी, त्यानंतर देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि मग एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी असा तो क्रम आहे. काही अभ्यासक्रम फक्त संशोधनासाठी असतात. कर्ज काढून जाण्याआधी हा फरक तपासायलाच हवा.

नोकरी कुठे मिळते?

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमध्ये 'वैज्ञानिक सहायक (मानसशास्त्र)' असं पद आहे, पण त्याच्या जागा मोजक्याच निघतात. कोल्हापुरातही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ७ वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्यामुळे फॉरेन्सिक क्षेत्रात मागणी वाढेल. पण ती मुख्यतः रक्त, डीएनए, ठसे आणि डिजिटल पुरावे हाताळणाऱ्यांची असेल. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती बातमी आपली समजू नये.

मानसशास्त्रज्ञाची खरी गरज इतर ठिकाणी आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ नुसार १६ ते १८ वयोगटातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाला त्याच्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचं प्राथमिक मूल्यमापन करावं लागतं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. या एका अहवालावर मुलाचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा की नाही, हे बरंचसं अवलंबून असतं. पोक्सो खटल्यांतली मुलं, कौटुंबिक न्यायालयातले मुलांच्या ताब्याचे वाद, तुरुंगातले व्यसनाधीन किंवा आत्महत्येच्या उंबरठ्यावरचे कैदी, सगळीकडे हीच गरज आहे.

कोल्हापुरात राहून सुरुवात कशी करता येईल?

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत मानसशास्त्राची पदवी घेता येते. तिथून पुढे काही गोष्टी विनाखर्च करता येतात. जिल्हा न्यायालयातलं बहुतेक कामकाज खुलं असतं. एखाद्या डॉक्टरची उलटतपासणी शेवटपर्यंत ऐकली, तर तज्ज्ञाला वकील कुठे पकडतात हे कळतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या ६ जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात, त्यामुळे फौजदारी अपिलांची सुनावणी ऐकायला मुंबई गाठावी लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कळंबा कारागृहात जाणाऱ्या संस्था आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथे रीतसर परवानगी घेऊन अनुभव मिळवण्याचा प्रयत्न करता येतो.

प्रवेशाआधी विचारायचे ५ प्रश्न

- पदवी देणारं विद्यापीठ यूजीसी मान्यताप्राप्त आहे का?
- या पदवीनंतर आरसीआय नोंदणी मिळते का? मिळत नसेल तर पुढची पायरी कोणती?
- प्रत्यक्ष कामाचे तास किती आणि कुठे: तुरुंगात, रुग्णालयात, की फक्त वर्गात?
- शिकवणाऱ्यांपैकी कुणी न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आहे का?
- मागच्या दोन बॅचचे विद्यार्थी आज नेमकं कोणतं काम करतात?

काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने विषयाची ओळख होते. त्यावर 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' म्हणून पाटी लावता येत नाही आणि न्यायालयात उभंही राहता येत नाही.

या क्षेत्रात लिहिलेलं एखादं वाक्य कुणाला तुरुंगात ठेवू शकतं, कुणाला बाहेर काढू शकतं, फाशीच्या निर्णयावर परिणाम करू शकतं. आरोपी तज्ज्ञासमोर जे बोलतो ते न्यायालयात पोहोचू शकतं, आणि हे त्याला बोलण्याआधीच सांगावं लागतं. म्हणून चांगल्या अहवालात "असं दिसतं", "एवढंच सांगता येतं" आणि "यावरून हे सांगता येत नाही" ही वाक्यं असतात. दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात तिसरं वाक्य लिहिण्याचं धैर्य आलं, तर शिक्षण सार्थकी लागलं म्हणायचं.